पेठेत बाग मावत नाही, या समजुतीविषयी

सोलापूरच्या भवानी पेठेत सार्वजनिक बाग करावी, असे कुणी म्हटले की उत्तरे ठरलेली असतात. जागा कुठे आहे? जागा मिळाली तरी दहा-वीस गुंठ्यांत कसली बाग होते? आणि केलीच, तर उंच भिंत, फाटक आणि रखवालदार नसेल तर महिनाभरात तिथे दारू पिणारे आणि पत्ते कुटणारे बसतील. ही उत्तरे अभियंते देतात, लोकप्रतिनिधी देतात आणि पेठेत जन्म काढलेली माणसेही तितक्याच खात्रीने देतात. बाग म्हणजे हुतात्मा बाग, ती तिकडे किल्ल्याजवळ. आपल्या पेठेत यंत्रमागाचा खडखडाट, पत्र्याची घरे आणि बोळ, इथे बाग मागणे म्हणजे नसता हट्ट, असे त्यांना मनापासून वाटते.

मला ही समजूत चुकीची वाटते. ती केवळ निराशेतून आलेली नाही, बागेच्या एका विशिष्ट कल्पनेतून आली आहे. हिरवळ, कारंजे, चालण्याची पट्टी, मधोमध पुतळा, भोवती जाळी आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळा लिहिलेली पाटी, एवढे जमल्याशिवाय बाग पुरी होत नाही, असे आपण धरून चाललो आहोत. ही कल्पना मान्य केली तर भवानी पेठेत खरोखरच बाग मावत नाही. मुळात ही कल्पनाच या पेठेसाठी, या हवामानासाठी आणि इथल्या माणसांच्या दिवसासाठी गैरलागू आहे.

पूर्वपक्षाची सगळ्यात भक्कम बाजू आधी मांडतो, कारण ती हलक्या हाताने उडवण्यासारखी नाही. मोठी बाग सांभाळायला सोपी असते. एक माळी, एक पंप, एक वीजजोडणी, एक ठेकेदार. छोट्या सोळा बागा केल्या तर सोळा ठिकाणी नळ फुटणार आणि सोळा ठिकाणी झाडू मारावा लागणार. शिवाय लहान मुलांचे क्रिकेट, पहाटेचे धावणे, मोठी सभा यांना मोकळे मैदान लागते. ते दहा गुंठ्यांत होत नाही. नागरी नियोजनाच्या केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. हा आकडा गाठायचा तर गुंठ्यांचा हिशेब कामाचा नाही, एकरांचाच हवा. म्हणून शहराच्या कडेला, जमीन स्वस्त असेल तिथे मोठे उद्यान करावे आणि दाट वस्तीला तिकडे यायला सांगावे. ही मांडणी कागदावर बिनचूक दिसते.

पण माणशी चौरस मीटर हे माप एक गोष्ट लपवते. शहराची एकूण मोकळी जमीन भागिले एकूण लोकसंख्या केली की भवानी पेठेतल्या माणसाच्या नावावर तलावाचा काठही जमा होतो, किल्ल्याची बागही आणि विजापूर रस्त्याकडची झाडेही. तो तिथे महिन्यातून एकदाही जात नसला तरी हिशेबात तो श्रीमंतच ठरतो. मोजायचे ते अंतर. घराच्या उंबऱ्यापासून सावलीतल्या बाकापर्यंत किती पावले, हा खरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही 2017 मध्ये नगरांसाठी जो साधा नियम सुचवला तो अंतराचा आहे: घरापासून 300 मीटरच्या आत, म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या चालीवर, हिरवी जागा असावी. त्याच नियमात जागेचा आकार अर्धा ते एक हेक्टर असावा असेही म्हटले आहे, हे मी लपवत नाही. पेठेत अर्धा हेक्टर म्हणजे जवळजवळ पन्नास गुंठे सलग मिळवायचे तर शेकडो माणसांची घरे पाडावी लागतील, आणि ज्यांच्यासाठी बाग त्यांनाच उठवून केलेली बाग कुणालाही मान्य होऊ नये. दोन अटींपैकी एक सोडावीच लागत असेल तर आकाराची सोडावी, अंतराची धरावी.

याला गणिताचा आधार आहे. चार एकरांची, चौकोनी, एकच बाग घ्या. तिच्या कडेपासून 300 मीटरच्या आत येणारा परिसर बागेसकट सुमारे 45 हेक्टर भरतो. आता तीच चार एकर जमीन दहा-दहा गुंठ्यांच्या सोळा तुकड्यांत, एकमेकांपासून पुरेशा अंतरावर वाटा. प्रत्येक तुकड्याभोवती सुमारे 32 हेक्टर परिसर येतो; सोळांचा मिळून पाचशे हेक्टरांच्या वर जातो. जमीन तेवढीच, पाच मिनिटांत पोहोचू शकणारा परिसर मात्र अकरा पट. प्रत्यक्षात काही परिसर एकमेकांवर येतील, रेल्वे आणि मोठे रस्ते आडवे येतील, तरी फरक प्रचंडच राहतो. सोळा ठिकाणी झाडू मारावा लागतो, हे खरे. त्याची किंमत या अकरा पटीशी तोलून पाहावी.

सोलापूरला हा विचार परका नाही. श्री सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे सिद्धेश्वरांनी, बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव खोदवला आणि पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते. दरवर्षी जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज निघतात, यण्णीमज्जनाच्या दिवशी या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो आणि अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर पार पडतो. या रचनेकडे नगररचनाकाराच्या नजरेने पाहावे. एक मोठे स्थान तलावाकाठी आहेच. त्याच्या जोडीला गावभर पसरलेली, चालत गाठता येणारी लहान लहान स्थाने आहेत आणि त्यांना बांधणारी एक पायवाट आहे. मोठे एक की लहान अनेक, असा वाद सिद्धेश्वरांच्या गावाने घातलाच नाही, दोन्ही केले. आपण मात्र गेल्या काही दशकांत फक्त मोठ्याकडे पाहत राहिलो. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली, त्यानंतर होम मैदान, रंगभवनचा परिसर, सिद्धेश्वर तलावाचा काठ इथे काम झाले. ही कामे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. ती तिथे झाली जिथे आधीपासूनच मोकळे आकाश होते. पूर्वेकडच्या पेठांना त्यातली सावली मिळाली नाही.

आता जागेचा प्रश्न. जागा नाही, हे म्हणणे अर्धे खरे आहे. रिकामा सलग भूखंड नाही, हे खरे. आणि तो आपोआप कधी निघणारही नाही, कारण कायद्याची रचनाच तशी आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा रेखांकन आराखडा करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पेठेत एवढा मोठा भूखंड जवळजवळ कुणाकडेच नसतो. म्हणजे शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींना नियमाने थोडी तरी मोकळी जागा मिळते. जिथे ती सगळ्यात जास्त हवी त्या जुन्या पेठेत हा नियम लागूच पडत नाही. दुसरा मार्ग विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. पैसे नसलेल्या महापालिकेच्या हातून बागेची आरक्षणे निसटतात ती अशी. या दोन्ही वाटांनी बागेची वाट पाहत बसलो तर भवानी पेठेत पुढच्या पन्नास वर्षांतही बाग होणार नाही.

तिसरी वाट आहे, आणि ती शंभर वर्षांपूर्वी या देशात कुणीतरी चालून दाखवलेली आहे. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1914 मध्ये भारतात आले. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला तेव्हा ते त्याचे पहिले प्रमुख झाले. त्या काळी दाट वस्ती सुधारायची म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रुंद रस्ता आखायचा आणि मध्ये येईल ते पाडायचे, अशी पद्धत होती. गेडिसांनी तंजावरपासून इंदूरपर्यंत अनेक गावांत पायी फिरून उलट सांगितले. घर न् घर पाहा. जे पडायलाच आले आहे, ज्यात कुणी राहत नाही, तेवढेच काढा. दोन-तीन पडक्या घरांची जागा एकत्र आली की तिथे झाड लावा, ओटा बांधा, विहीर असेल तर ती साफ करा. वस्ती तशीच राहते, तिला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि खर्चही रुंद रस्त्याच्या मानाने किरकोळ. वस्ती राखून केलेल्या या शस्त्रक्रियेची त्यांची पद्धत पुढे जगभर अभ्यासली गेली. आपल्याकडे ती ग्रंथालयात राहिली.

तिचा धागा युरोपात दिसतो तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये 1947 मध्ये आल्डो व्हॅन आयक या तरुण वास्तुकाराने एका छोट्या चौकात मुलांसाठी वाळूचा हौद, काही लोखंडी दांड्या आणि बाके बसवली. ती जागा पाहून इतर वस्त्यांतल्या लोकांनी तशीच मागणी केली. तीस वर्षांत नगरपालिकेने अशा सातशेहून अधिक जागा केल्या: दोन इमारतींमधली फट, पडलेल्या घराचा चौथरा, रस्त्याचा रुंद कोपरा. बहुतेकांना कुंपण नव्हते. शहर आधी होते तेवढेच दाट राहिले.

भवानी पेठेत अशा जागा शोधायच्या तर कुठे पाहावे? ज्या यंत्रमाग कारखानदारांनी माग अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत हलवले, त्यांच्या मागे राहिलेल्या पत्र्याच्या शेड पाहाव्या. अशी शेड विकली गेली की तिथे गोदाम किंवा चार मजली इमारत उभी राहते. विक्रीला येताच महापालिकेने ती हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याची मुभा, देऊन घ्यावी. महापालिकेच्या शाळांची अंगणे पाहावी. पॅरिसने 2018 पासून शाळांच्या डांबरी अंगणांत माती आणि झाडे आणली आणि त्यांपैकी अनेक सुटीच्या दिवशी वस्तीसाठी खुली केली. पाण्याच्या टाक्यांखालची कुंपण घातलेली जमीन पाहावी. देवळांची पटांगणे, तालमींच्या बाजूचा तुकडा, जुनी बुजवलेली विहीर, दोन बोळ मिळतात तिथला त्रिकोण. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती, रूपाभवानीच्या देवळाचा परिसर, तुळजापूर वेशीकडचा रस्ता हे सगळे पायी फिरून, हातात नकाशा घेऊन, एकेक गुंठा टिपावा. तसे सर्वेक्षण करून जागा नाही असे कुणी सांगितले तर ते मी ऐकेन. त्याआधी नाही.

काही जण म्हणतात, दाटी कमी करणे हाच उपाय. माणसेच बाहेर न्यावीत. विडी कामगारांसाठी कुंभारी इथे 2006 मध्ये दहा हजार घरांची वसाहत झाली आणि जानेवारी 2024 मध्ये रे नगरातली पंधरा हजार घरे दिली गेली. ज्यांना स्वतःचे छप्पर मिळाले त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती कामगारांनी लढून मिळवली आहे. पण पेठ त्याने रिकामी होत नाही. माग इथे आहे, शाळा इथे आहे, विडीचा कारखाना इथे आहे, नातेवाईक इथे आहेत. एक कुटुंब गेले की दुसरे येते.

आता हिरवळ. बाग म्हटले की आपल्याला हिरवळच दिसते, आणि सोलापुरात तीच सगळ्यात चुकीची निवड आहे. जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जाणे नेहमीचे. अशा उन्हात हिरवळ जिवंत ठेवायची तर तिला दिवसाला निदान पाच मिलिमीटर पाणी हवे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा गुंठे, म्हणजे हजार चौरस मीटर हिरवळीला दिवसाला पाच हजार लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावे असे सरकारी मानक सांगते. म्हणजे ही हिरवळ रोज सदतीस माणसांचे पाणी पिणार. आणि ज्या शहरात शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी येते आणि तेही रोज येत नाही, नळाला पाणी आले की बायका हातातले काम टाकून घागरी भरतात, तिथे हे पाणी आपण गवताला घालणार. पेठेतल्या बाईने विरोध केला तर तिचेच खरे असेल. शिवाय इतके करून त्या हिरवळीवर दुपारी कुणी बसू शकत नाही. उन्हातले गवत अंगावरचे ऊन थांबवत नाही; ते झाडच थांबवते.

सोलापूरने लिंब लावावा. कडुनिंबाचे मूळ खोल जाते, दोन-तीन उन्हाळे टाकीचे पाणी घातले की पुढे तो स्वतःच्या बळावर जगतो. त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते आणि पाडव्याला, गुढीला डहाळी बांधायच्या वेळी, नवी पालवी आणि मोहोर आलेला असतो. वैशाखाचे ऊन येईपर्यंत सावली दाट झालेली असते. या गावच्या उन्हाशी याहून चांगला मेळ घालणारे झाड मला माहीत नाही. जोडीला करंज, चिंच, बहावा, आपटा, आणि जागा असेल तिथे एखादा वड किंवा पिंपळ. आठ मीटर अंतराने लावली तर दहा गुंठ्यांत पंधरा-सोळा मोठी झाडे बसतात आणि दहा वर्षांत त्यांचे शेंडे एकमेकांना मिळतात.

पाण्याची सोयही पेठेत आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या एकरूखच्या, म्हणजे हिप्परग्याच्या तलावाचे पाणी जिथे शुद्ध होते ते केंद्र भवानी पेठेतच आहे. शुद्धीकरणात वाळूचे थर उलट्या प्रवाहाने धुवावे लागतात आणि त्या धुण्याचे पाणी निघते. ते निवळू देऊन झाडांना घालता येते. लोकांच्या पिण्यातला एक थेंबही कमी न करता पेठेतली रोपे त्यावर वाढतील. लावताना मात्र एक पथ्य पाळायला हवे. आपल्याकडे झाड लावून त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात आणि मग झाड वाढत नाही म्हणून मातीला दोष देतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त करण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणाने. पेठेच्या बागेत तर एकेकटे खड्डे न घेता सलग चर खणावा, म्हणजे मुळे एकमेकांच्या मातीत जातील आणि पावसाचे पाणी गटारात न जाता तिथेच मुरेल.

मग उरते भिंत. सगळ्यात जास्त भीती इथे आहे आणि ती खोटी नाही. मोकळ्या जागेत रात्री बाटल्या फोडल्या जातात, एका रात्रीत टपरी उभी राहते, कोपऱ्यात फलक लागतो आणि पुढच्या वर्षी त्याचे मंडळाचे कार्यालय होते, हे पेठेतल्या प्रत्येकाने पाहिले आहे. म्हणून आठ फुटी भिंत, वर काचा किंवा तार, एक फाटक आणि वेळा. पण भिंतीने काय साधते ते नीट पाहावे. दारू पिणाऱ्याला भिंतीचा त्रास नसतो; उडी मारून आत गेला की भिंत त्यालाच लपवते. भिंतीने रस्त्यावरच्या माणसाची नजर बंद होते. ज्या बाईला संध्याकाळी मुलाला घेऊन जायचे असते ती एकाच फाटकाच्या, आत काय चालले आहे ते न दिसणाऱ्या जागेत पाऊल टाकत नाही. चार महिने बायका आणि मुले गेली नाहीत की जागा आपोआप त्या लोकांची होते ज्यांच्या भीतीने भिंत बांधली होती. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून वर्षानुवर्षे हेच तपासले आणि 1980 मध्ये पुस्तक लिहिले. नको असलेल्या माणसांना टाळण्यासाठी जागा गैरसोयीची केली, बाके काढली, कठडे लावले की बाकीचे सगळे निघून जातात, हा त्यांचा निष्कर्ष. जागा इतरांना बसावीशी वाटेल अशी केली की त्रास देणाऱ्यांना तिथे करमत नाही.

न्यूयॉर्क दूर वाटत असेल तर दादर पाहावे. शिवाजी पार्क 1925 मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. सुमारे 28 एकरांच्या या मैदानाला उंच भिंत नाही. भोवती कट्टा आहे. त्या कट्ट्यावर जवळजवळ शंभर वर्षे माणसे बसत आली, आणि बसलेल्या माणसांनीच मैदान राखले. दादर मध्यमवर्गीय आहे, तिथले वेगळे, असा आक्षेप लगेच येईल. भवानी पेठेत रात्री दहाला बाई बोळातून निर्धास्त येते ती कुणामुळे? ओट्यांवर बसलेल्या माणसांमुळे. नजरेची ही राखण पेठेला दादरकडून शिकायची गरज नाही. आपण बाग करताना ती भिंतीने तोडू नये, एवढेच.

म्हणून माझे मंडन असे आहे. बागेच्या कडेने सगळीकडे दीड फूट उंच आणि तीन फूट रुंद कट्टा बांधावा. रुंदी एवढी, की एक जण आत तोंड करून आणि एक जण रस्त्याकडे तोंड करून पाठीला पाठ लावून बसेल. दहा गुंठ्यांच्या चौकोनाचा घेर सुमारे 127 मीटर भरतो. वाटा सोडून एकशे दहा मीटर कट्टा उरला, तरी एका बाजूने पावणेदोनशे-एकशेऐंशी माणसे बसतात. याच कट्ट्याने दुचाकी आत येत नाही आणि टपरीचे चाक अडते. वाटा निदान चार, चारही बोळांच्या तोंडाशी, म्हणजे बाग हा रोजच्या येण्याजाण्याचा जवळचा रस्ता होईल. गुडघ्याच्या वर आणि डोक्याच्या खाली काहीही आडवे नको. मेंदीचे कुंपण नको, जाहिरातीचे फलक नकोत, कमान नको. दिवे उंच खांबावर लावले तर झाडांचे शेंडे त्यांचा उजेड खातात, म्हणून ते दहा-बारा फुटांवर, फांद्यांच्या खाली असावेत. एक पिण्याच्या पाण्याची टाकी, एक बायकांचे स्वच्छतागृह, आणि ते कोपऱ्यात दडवलेले नको, वाटेवर हवे. चहाची एक आणि इस्त्रीची एक गाडी कडेला परवाना देऊन बसवावी. ती माणसे तिथे बारा तास असतात आणि रखवालदारापेक्षा जास्त पाहतात.

वेळांविषयी मी तडजोड करणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच महापालिकांच्या बागा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघड्या असतात, दुपारी बंद. फिरायला जाणाऱ्यांच्या सोयीने हे ठरले आहे. भवानी पेठेतला दिवस वेगळा आहे. मागावरचा कामगार पाळी संपवून बाहेर पडतो तेव्हा त्याला घरी झोपायला जागा असेलच असे नाही. त्याच खोलीत कांड्या भरल्या जात असतात. विडी वळणारी बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन बंद खोलीत तंबाखूची धूळ श्वासात घेते, ओल्या फडक्यातली पाने वाळू नयेत म्हणून दार लावून बसते, आणि कारखान्यात विड्या द्यायला गेली की उन्हात ताटकळते. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता तान्हे मूल झोपत नाही. या सगळ्यांना बाग हवी ती नेमकी बाराच्या पुढे, चारच्या आत. त्या वेळी फाटकाला कुलूप असेल तर ती बाग त्यांची नाही. त्यांना कुणी विचारत नाही, कारण निवेदन घेऊन महापालिकेत जायला त्यांना वेळ नसतो. फिरायला जाणाऱ्यांना असतो.

आणि वर्षातून एकदा हीच जागा गावाबाहेरच्यांनाही लागेल. कोजागरीला सोलापुरातून आणि कर्नाटकातून माणसे अनवाणी तुळजापूरला निघतात. रूपाभवानीला हात जोडून, तुळजापूर रस्त्याने, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास चालतात. त्यांच्यासाठी दरवर्षी तात्पुरते मांडव घालावे लागतात. पेठेच्या वाटेवर सावलीचे, पाण्याचे आणि बसायचे पक्के ठिकाण असले तर ती सोय कायमची होईल.

सांभाळायचे कुणी, हा पूर्वपक्षाचा शेवटचा मुद्दा. खासगी संस्थेला दत्तक द्यावी, हा सोपा मार्ग सुचवला जातो. मुंबई महापालिकेने जानेवारी 2016 मध्ये मैदाने दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले. लोकांनी विरोध केला, कारण आधी दत्तक गेलेल्या काही जागांवर क्लब उभे राहिले होते, आणि त्या धोरणाला स्थगिती द्यावी लागली. पेठेने तो धडा घ्यावा. जमीन महापालिकेची, माळी आणि झाडूवाला महापालिकेचा, त्याचा पगार अंदाजपत्रकात. देखरेख मात्र बोळांतल्या बायकांच्या बचतगटाकडे, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या सगळ्या घरांतून एकेक जण घेऊन. हिरवळ, कारंजे आणि पुतळा वगळला की खर्चाचा मोठा भाग आधीच कमी झालेला असतो. क्रिकेटला मैदान लागेल. ते मोठे मैदानच लागेल, आणि ती मागणी वेगळी करावी. तिच्या नावाखाली ही अडवू नये.

भवानी पेठेतल्या वाचकांना एवढेच सांगतो. पुढच्या वेळी नगरसेवक दारात येतील तेव्हा उद्यान मागू नका. ते मागितले की जागा नाही हे उत्तर येते. आपल्या बोळापासून पाच मिनिटांवरचा एक तुकडा स्वतः शोधा, त्याचा सिटी सर्व्हे क्रमांक काढा, त्यावर सोळा लिंब, भोवती कट्टा, पाण्याची टाकी आणि दुपारी उघडी असलेली वाट मागा. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.